आपल्या पिटोट ट्यूबविषयीच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार. आपला अभिप्राय वाचला. ४ इंची (सुमारे १०० मि.मी.) पाइपच्या मध्यभागी बसवलेली ८ मि.मी.ची पिटोट ट्यूब (हवेच्या दाबावरून तिचा वेग मोजणारी नळी) लाइनवरच्या ओरिफिस मीटरपेक्षा (छिद्र असलेल्या चकतीच्या साहाय्याने प्रवाह मोजणाऱ्या मीटरपेक्षा) सुमारे १५ टक्के जास्त हवा दाखवते, म्हणजे ती सदोष आहे आणि आम्ही ती बदलून देत नाही, अशी आपली तक्रार आहे. माझ्या मते नळी सदोष नसून आपल्या पाइपसाठी जाड आहे, आणि पाइपचा आतला व्यास न विचारता ती काउंटरवरून दिली गेली ही चूक आमची आहे.

नळीचा व्यास डक्टच्या, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पाइपच्या, व्यासाच्या तिसाव्या भागाहून अधिक नसावा, असा या कामातला रूढ नियम आहे. त्या हिशेबाने ८ मि.मी.ची नळी २४० मि.मी. आणि त्याहून मोठ्या डक्टसाठी योग्य ठरते. १०० मि.मी. पाइपमध्ये ती मध्यापर्यंत घातली, की तिचा दांडाच सुमारे ७,८५० चौ.मि.मी. छेदापैकी ४०० चौ.मि.मी., म्हणजे ५ टक्के जागा अडवतो. उरलेल्या जागेतून हवा अधिक वेगाने जाते आणि मॅनोमीटरवर (नळीला जोडलेल्या दाबमापकावर) तोच वाढलेला वेग दिसतो. शिवाय दहा बिंदूंच्या ट्रॅव्हर्समध्ये, म्हणजे पाइपच्या व्यासावर ठरावीक बिंदूंवर वेग मोजून सरासरी काढताना, पहिला बिंदू भिंतीपासून २.६ मि.मी.वर येतो, तर या नळीचा अक्ष ४ मि.मी.पेक्षा जवळ जाऊच शकत नाही.

मात्र सगळा फरक जाडीचा नाही. पाइपच्या मध्यावर वेग सर्वाधिक असतो आणि सरासरी वेग साधारणपणे त्याच्या ८० ते ९० टक्के भरतो, त्यामुळे एकट्या मध्यबिंदूच्या वाचनावरून काढलेला प्रवाह कोणतीही नळी वापरली तरी जास्तच येईल. आपल्या १५ टक्क्यांतला मोठा वाटा याचाच असावा. पाइपच्या वळणापासून नळीपर्यंत किमान ८०० मि.मी. सरळ पाइप आहे का, हेही कृपया पाहावे.

जाड नळीत दाब चांगला मिळतो, असे आमच्या विक्रेत्याने आपल्याला सांगितल्याचे आपण लिहिले आहे. ते साफ चुकीचे आहे. सेकंदाला १० मीटर वेगाने वाहणाऱ्या हवेचा वेगदाब (गतीमुळे येणारा दाब) सुमारे ६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या सुमारे ६ मि.मी. इतका असतो, मग नळी ८ मि.मी.ची असो वा ३ मि.मी.ची. वेग ३ मीटरवर आला की हा दाब जेमतेम ५ पास्कल उरतो, आणि तिथे अधिक संवेदनशील मॅनोमीटर लागतो.

आपल्याला ३ मि.मी.ची एल आकाराची नळी योग्य ठरेल. तिची छिद्रे बारीक असल्याने वाचन स्थिरावायला वेळ लागतो आणि हवेत धूळ किंवा तेलाचा अंश असेल तर ती लवकर तुंबते, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची तक्रार त्याबद्दल यायला नको.

वापरलेला माल परत न घेण्याचा आमचा नियम आपल्याला सांगण्यात आला होता. या प्रकरणी तो लागू होणार नाही. जुनी नळी बिलासह आणावी, आम्ही ३ मि.मी.ची देऊ आणि किमतीतला फरक परत करू. पाइपला पाडलेले मोठे छिद्र बंद करण्यासाठी लागणारा बुशही (छिद्रात बसवायची कडी) आमच्याकडून मिळेल. त्यासाठी येताना छिद्राचे माप घेऊन यावे.