मराठीत विचारलं तर मराठीत सांगा ना!

वारस नोंदीचा, म्हणजे माणूस गेल्यावर जमिनीला वारसांची नावं लावायचा, अर्ज कसा करायचा एवढंच नेटवर शोधायचं होतं राव, अख्खं वाक्य मराठीत टाइप केलं, आणि वर काय येतं तर बिहारचं दाखिल-खारिज आणि यूपीची विरासत, तेही हिंदीत! देवनागरी दिसली की हिंदीच असणार हे कुणी ठरवलं? तिकडचं अंचल कार्यालय वेगळं, आमचा तलाठी वेगळा, फेरफार वेगळा, ते वाचून मी काय करू?

खाली मराठी पानं येतात ती तर अजून डोकं फिरवतात. नमस्कार मित्रांनो, वारस म्हणजे काय, वारस नोंदीचे महत्त्व काय, मध्ये चार जाहिराती, मग व्हॉट्सॲप ग्रुप जॉइन करा. सगळीकडे तेच, एकाचं दुसऱ्याने उचललेलं. जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे 3 महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं, ऑनलाइन अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवर होतो, एवढ्या दोन ओळी वर लिहायला काय जातं यांचं? घरात माणूस गेलेला असतो हो, त्यात हे असलं वाचत बसायचं.

मग करायचं काय, तर "वारस नोंद" डबल कोट्समध्ये टाकायचं म्हणजे ते दोन शब्द तसेच्या तसे शोधतं, दाखिल शब्दाच्या आधी मायनस लावायचा, मध्ये स्पेस अजिबात नाही, आणि शेवटी इंग्लिशमध्ये साइट, कोलन, जीओव्ही डॉट इन (site:gov.in), म्हणजे फक्त सरकारी साइट येतात. लगेच फरक पडतो. जीआर, म्हणजे शासन निर्णय, हवा असेल तर फाइलटाइप, कोलन, पीडीएफ (filetype:pdf) पण जोडा. पण हे सर्चच्या पानावर ठळक कुठे लिहिलंय का? गावाकडे मोबाइलवर बोलून शोधणाऱ्या काकांनी कोट्स आणि कोलन कुठून आणायचे?

आणि एवढं सगळं करूनही सरकारी कागद सापडेलच असं नाही, कारण जुन्या कितीतरी पीडीएफ कृतिदेव नाहीतर श्रीलिपी असल्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, डोळ्याला मराठी दिसतं पण आतून नुसती इंग्लिश अक्षरांची खिचडी, ती कोण कशी शोधणार? उरलेल्या स्कॅन केलेल्या, तिरप्या, अर्ध्या पुसट. अरे ऑफिसात कॉम्प्युटरवरच टाइप करता ना सगळं? मग युनिकोडमध्ये करा, डिजिटल सही करा आणि तीच फाइल टाका ना वर, प्रिंट काढून, शिक्का मारून परत स्कॅन कशाला करता!