शास्त्रात आकडा कुठाय?

जय ख्रिस्त मंडळी. रविवारी संध्याकाळी मी इथे सहसा येत नाही, पण आज डोकं फिरलंय.

भाचा अकरावीला आहे. आज मंडळीच्या तरुण संघात मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय होता. येशूची ती लांबलचक वंशावळ, जी आपण सगळेच भराभर उरकतो. ह्याने नीट वाचली. मग लूकाचा तिसरा अध्याय काढला, दोन्ही ताडून बघितले आणि संघ चालवणाऱ्या ब्रदरना विचारलं, "ब्रदर, इथे मरीयेचा नवरा योसेफ, त्याच्या वडिलांचं नाव याकोब दिलंय, तिथे एली. असं कसं?" उत्तर मिळालं, "असले प्रश्न सैतान मनात घालतो. प्रार्थना कर." सगळ्या पोरापोरींसमोर. पोरगा घरी येऊन जेवला नाही. मला म्हणतो, "मावशी, मी काही वाईट विचारलं का गं?"

नाही रे राजा. तू विचारलंस तेच तिसऱ्या शतकात ज्यूलियस आफ्रिकानस नावाच्या ख्रिस्ती विद्वानाला छळत होतं. त्याने त्यावर अख्खं पत्र लिहिलं. याकोब आणि एली एका आईचे मुलगे, एक भाऊ निपुत्रिक वारला, मोशेच्या नियमाप्रमाणे दुसऱ्याने भावजयीशी लग्न केलं, म्हणून योसेफाला एक बाप रक्ताचा आणि एक कायद्याचा, असं त्याचं म्हणणं. पुढे युसेबियसने मंडळीचा इतिहास लिहिताना ते उत्तर जपून ठेवलं. लूकाची वंशावळ मरीयेच्या बाजूची आहे, असं म्हणणारेही आहेत. मला स्वतःला दोन्ही उत्तरं पुरती पटत नाहीत, आणि तरी मी आज सकाळी प्रभूभोजन घेतलं. माझा विश्वास काही कोसळला नाही.

आमची आजी असती तर तिने त्या ब्रदरना तिथेच उभं केलं असतं. आजी चौथी पास, मिशनच्या शाळेत. नाताळच्या नाटकाची तालीम सुरू झाली आणि कोणी "तीन मागी (बाळ येशूला भेटायला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी) कोण होणार?" म्हटलं की सतरंजीवरून हिचा आवाज यायचाच. "तीन कुठं लिहिलंय? दानं तीन आहेत. सोनं, ऊद, गंधरस. माणसं किती? शास्त्रात आकडा कुठाय, दाखवा." पाळक साहेब चष्मा पुसत मत्तयाचा दुसरा अध्याय उघडायचे. आकडा नसायचाच. मग काय, ज्याला मागी व्हायचंय तो मागी! एका वर्षी सात होते. दानं मात्र तीनच, उरलेल्यांच्या हातात पावडरचे रिकामे डबे. सगळं चर्च हसलं होतं, आजी सोडून. तिच्या दृष्टीने तो विनोद नव्हता. देवाने जे लिहवून घेतलं ते आपण नीट वाचलं नाही तर त्याचा मान राखला असं कसं म्हणायचं, एवढं साधं तिचं गणित.

तिच्यामुळेच मी त्या मागी लोकांचा विचार करायला लागले. ताऱ्यांचा अभ्यास करणारी माणसं ती. अभ्यासाच्याच वाटेने देवाने त्यांना बोलावलं. आली ती प्रश्न घेऊन, "यहूद्यांचा राजा जन्मला तो कुठे आहे?" यरुशलेमातल्या शास्त्र्यांना उत्तर पाठ होतं, हेरोद राजाने विचारताच त्यांनी मीखा संदेष्ट्याचं वचन काढून दिलं, बेथलेहेमात. बेथलेहेम तिथून दोन तासांच्या चालीवर. पण त्यांच्यातला कोणी तिकडे गेल्याचं मत्तय सांगत नाही. गेले ते प्रश्न विचारणारे.

हो, मान्य, ते शास्त्री शिकलेलेच होते. "ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते" हे पौलाने काही उगाच लिहिलं नाही. डिग्रीचा माज करणारे ख्रिस्ती मी घरातच पाहिलेत. पण म्हणून अकरावीतल्या पोराच्या तोंडावर सैतान फेकायचा?

आणि राग कशाचा येतो सांगू? त्याच तरुण संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मध्ये एक फॉरवर्ड आलं होतं. यहोशवाने सूर्य थांबवला तेव्हाचा हरवलेला दिवस म्हणे नासाच्या कॉम्प्युटरला सापडला! ही थाप माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून फिरतेय. त्यावर आमेनची रांग. कोणी विचारलं नाही, नासाने हे कधी सांगितलं, कुठे सांगितलं. थाप मारली की आमेन, आणि खुद्द शास्त्र उघडून दोन अध्याय ताडून बघितले की सैतान. "सर्व गोष्टींची पारख करा, चांगले ते बळकट धरा" हे वचन आपण कॅलेंडरवर छापायपुरतंच ठेवलंय का?

ह्यात निव्वळ चर्चेचं नुकसान नाही हो. ओळखीतल्या एका काकूंनी साखरेच्या गोळ्या बंद केल्या, कारण एका पाहुण्या उपदेशकाने स्टेजवरून सांगितलं, विश्वास असेल तर गोळ्या फेका. पायाची जखम चिघळली, बोट काढावं लागलं. आणि आपण कोण? ज्यांच्यासाठी लूक वैद्याने शुभवर्तमान लिहिलं, ज्यांच्या मिशनने मिरजेत १८९४ साली दवाखाना उघडला, ते लोक. प्रार्थनेने माणसं बरी होतात, मी नाकारत नाही, माझ्या घरात झालंय. पण गोळी शोधणाऱ्याला अक्कल कोणी दिली?

पंडिता रमाबाईंचं नाव आपण भाषणात घेतो, टाळ्या घेतो. त्या काही डोळे मिटून ख्रिस्ती झाल्या नाहीत. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतला आणि नंतरही तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीनशी पत्रांतून कडाकडा भांडत राहिल्या. त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे कसं, ते कसं. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले, आता दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही, असं स्पष्ट कळवलं. मग केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं, १९२२ साली देवाघरी जाईपर्यंत त्याच कामात. आज रमाबाई आपल्या तरुण संघात असत्या तर पहिल्याच रविवारी त्यांच्यावर हात ठेवून सैतान काढला असता आपण!

लिहिता लिहिता जरा शांत झाले. ते ब्रदर तसे वाईट नाहीत. रविवारचा अख्खा दिवस पोरांना देतात, बिनपगारी. बहुतेक त्यांनाही लहानपणी कोणी असंच गप्प केलं असणार. "मला माहीत नाही, आपण शोधू" एवढं म्हणाले असते तरी पोरगं जेवलं असतं. आजीलाही सगळी उत्तरं कुठे यायची? ईयोबाचं पुस्तक तिला शेवटपर्यंत उलगडलं नाही, असं ती स्वतःच म्हणायची आणि दर पावसाळ्यात ते पुन्हा वाचायला घ्यायची.

आता कमेंटमध्ये नीतिसूत्रे ३:५ येणार, मला माहीत आहे. "आपल्याच बुद्धीवर अवलंबून राहू नको." वचन खरं आहे, डोक्यावर घेते. पण टाकायच्या आधी त्याच अध्यायातलं तेरावं वचन वाचा, ज्याला ज्ञान सापडतं त्याला तिथे काय म्हटलंय ते. मग खुशाल या वाद घालायला. पुढच्या रविवारी उपासनेनंतर माझ्या घरी या, ज्या कोणा पोरांना काही विचारायचंय त्यांनाही आणा. बायबल आपापलं आणा, चहा माझा. पाळक साहेब, तुम्हीही या, आणि ब्रदरना घेऊन या.