परदेशी सहल आणि घरातल्या बाईच्या नावावरचे पैसे

सांगली-मिरजेहून थायलंड, दुबई, व्हिएतनाम अशा सहलींना जाणाऱ्यांमध्ये आता शेतकरी कुटुंबांतील माणसे आणि त्यातही पन्नाशी-साठीच्या स्त्रिया बऱ्याच दिसतात, याचा मला मनापासून आनंद आहे. करसल्लागार असल्यामुळे या मंडळींची विवरणपत्रे आणि खात्यांचे उतारे माझ्या टेबलावर येतात. ते पाहताना एक गोष्ट सतत खटकते, ती म्हणजे घरातल्या बाईच्या स्वतःच्या नावावर फारसे पैसे नसतात. परदेशात शिरताना याची अडचण होऊ शकते हे सहलीच्या माहितीपत्रकात कुठेही छापलेले नसते, म्हणून हे लिहीत आहे.

पर्यटक म्हणून दुसऱ्या देशात शिरताना, मुक्कामाचा आणि परतीचा खर्च भागेल एवढे पैसे आपल्यापाशी आहेत हे दाखवण्याची जबाबदारी प्रवाशाची असते. थायलंडमध्ये विमानतळावर उतरून व्हिसा घेणाऱ्यासाठी ही रक्कम माणशी १०,००० बाथ (थायलंडचे चलन) किंवा कुटुंबामागे २०,००० बाथ अशी ठरलेली आहे. शेंगेन देशांच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातील देशांच्या, सीमा संहितेतही ही अट स्पष्ट शब्दांत आहे आणि रक्कम प्रत्येक देश आपापली ठरवतो. फ्रान्समध्ये हॉटेलचे आरक्षण असेल तर दिवसाला ६५ युरो आणि नसेल तर १२० युरो धरले जातात, तर जर्मनीत साधारण ४५ युरो दिवसाचे मानले जातात. पासपोर्टवर व्हिसा चिकटवलेला असला म्हणजे प्रवेश पक्का झाला, असा आपल्याकडे सर्रास समज आहे, पण युरोपच्या व्हिसा संहितेत नुसता व्हिसा असल्याने प्रवेशाचा हक्क आपोआप मिळत नाही असे स्वच्छ लिहिलेले आहे. प्रवेश नाकारला गेला तर ज्या विमान कंपनीने आणले तिलाच प्रवाशाला परत न्यावे लागते, त्यामुळे काही वेळा ही चौकशी मुंबईच्या विमानतळावरच सुरू होते.

ही अट मला अन्यायाची वाटत नाही. आपल्या देशात येणारा पाहुणा खर्चासाठी तिथे बेकायदा कामाला लागणार नाही, याची खात्री करून घेण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे.

अडचण निराळीच आहे. आपल्याकडे पैसा कुटुंबाचा असतो, आणि काउंटरवरचा अधिकारी मात्र समोर उभ्या असलेल्या एका माणसाला विचारतो. गेल्या वर्षी पलूसकडच्या, आमच्या परिचयातल्या एक काकू महिला मंडळाबरोबर बँकॉकला गेल्या होत्या. सगळ्यांचे बाथ सहल नेणाऱ्या माणसाने स्वतःकडे एकत्र ठेवले होते आणि तो तपासणी उरकून पुढे निघून गेला होता. काकूंना पैसे दाखवायला सांगितले तेव्हा त्यांच्या पर्समध्ये एकही बाथ नव्हता, कार्ड नव्हते, त्यांच्या नावाचा एखादा कागदसुद्धा नव्हता. त्या माणसाला शोधून परत बोलावेपर्यंत त्यांना बाजूला उभे केले गेले. पुढे सगळे सुरळीत झाले, पण मला भेटल्यावर त्या म्हणाल्या, "घरात कशाला कमी नाही हो, पण त्या साहेबाला दाखवायला माझ्याजवळ काहीच नव्हतं." त्यांच्या घरी द्राक्षबाग आहे, ऊस आहे, सातबारा मालकांच्या आणि मुलांच्या नावावर, उसाचे बिल मालकांच्या खात्यावर, आणि काकूंचे म्हणून जे आहे ते अंगावरचे सोने आणि पतसंस्थेतली एक छोटी ठेव.

थायलंडसारखा देश कुटुंबाची रक्कम एकत्र मोजतो, तेव्हा नवरा-बायको बरोबर असतील तर निभावून जाते. बाई मैत्रिणींबरोबर किंवा एकटी निघाली की निभत नाही. युरोपच्या व्हिसासाठी नवऱ्याचे हमीपत्र आणि त्याच्या खात्याचा उतारा जोडता येतो, परंतु त्या अर्जात तिची ओळख कोणाच्या तरी खर्चाने जाणारी व्यक्ती एवढीच उरते, आणि जिने तीस वर्षे त्या बागेत विरळणीपासून बेदाण्यापर्यंतची कामे केली तिच्याविषयी हे कागदावर यावे, याचे मला वाईट वाटते.

शेतीच्या पैशाचा आणखी एक पेच आहे. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नसल्यामुळे बहुतेक घरांत विवरणपत्र भरलेलेच नसते. उसाचे बिल हप्त्यांनी येते, बेदाणा किंवा हळद विकली की एकदम मोठी रक्कम जमा होते आणि एरवी खाते कोरडे असते. मग एखादा एजंट सल्ला देतो की पाहुण्यांकडून चार लाख आणून खात्यात टाका, व्हिसा झाला की परत करा. याला ते 'शो मनी' म्हणतात. हा सल्ला मी कोणालाही देत नाही आणि कोणी ऐकूही नये. अर्जाच्या आधी अचानक आलेल्या रकमेवरच व्हिसा अधिकाऱ्याची नजर पहिल्यांदा जाते. त्यापेक्षा शेतीचे उत्पन्न दाखवून स्वेच्छेने विवरणपत्र भरावे आणि कारखान्याची बिले, बाजार समितीतील विक्रीच्या पट्ट्या उताऱ्यासोबत जोडाव्यात. पैसा खरा असेल तर तो कुठून आला हे सांगणारा कागदही आपल्याच घरात सापडतो.

बाईसाठी मात्र तयारी सहलीच्या बऱ्याच आधी सुरू झाली पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत, म्हणजे परदेशात पैसे नेण्या-पाठवण्याची मुभा देणाऱ्या योजनेत, वर्षाला २,५०,००० डॉलरची मर्यादा प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र आहे, पण त्यासाठी तिचा स्वतःचा पॅन लागतो. बहुतेक देशांसाठी एका प्रवासात ३,००० डॉलरपर्यंतच परकीय चलनाच्या नोटा नेता येतात, बाकीची रक्कम कार्डावर न्यायची असते आणि ते कार्ड तिच्या नावाचे असावे. नेहमीचे डेबिट कार्ड नेणार असाल तर २०२० पासूनच्या नियमानुसार नवे कार्ड परदेशातील वापरासाठी बंद अवस्थेत मिळते. ते चालू करून घ्यावे लागते, आणि तिच्या बँकेच्या कार्डावर ती सोय आहे की नाही, हे निघण्यापूर्वी शाखेत जाऊन विचारावे.

सहल नेणाऱ्यांनाही माझे सांगणे आहे. प्रवाशांचे चलन स्वतःकडे गोळा करून ठेवू नका. प्रत्येकीच्या हातात तिचे पैसे, परतीचे तिकीट आणि हॉटेलच्या आरक्षणाची छापील प्रत द्या, आणि तिथे काय विचारले जाईल हे निघण्याआधीच्या बैठकीत मराठीत समजावून सांगा. ज्या घरातली बाई पुढच्या हंगामात जाणार असेल, त्या घराने या हंगामाच्या बिलातील काही रक्कम आताच तिच्या खात्यावर जमा करावी आणि सहलीनंतरही ती तिथेच राहू द्यावी.