मित्सुबिशी थॉमस ग्लोव्हरने स्थापन केलेली नाही

'एका स्कॉटिश तरुणाने जपानला एकहाती आधुनिक केलं, मित्सुबिशी आणि किरीन बिअर स्थापन केली, आणि "मादाम बटरफ्लाय" हा ऑपेरा त्याच्याच जपानी पत्नीवर आहे.' थॉमस ग्लोव्हरबद्दलचा हा मजकूर पुन्हापुन्हा फिरतो. ग्लोव्हरचं काम मोठंच होतं. पण या मजकुरात बाकीच्यांची नावं पुसली जातात, त्याचं मला वाईट वाटतं.

आधी मित्सुबिशी. ती उभी केली तोसा प्रांतात गरिबीत वाढलेल्या इवासाकी यातारोने, 1870 मध्ये. आणि त्याच वर्षी ग्लोव्हरचं दिवाळं निघालं! 1859 मध्ये एकविसाव्या वर्षी तो नागासाकीत उतरला, दोन वर्षांत स्वतःची पेढी काढली, सात्सुमा-चोशूसारख्या संस्थानांना जहाजं आणि बंदुका विकल्या. 1868-69 चं यादवी युद्ध संपलं तशी शस्त्रांची मागणी आटली, संस्थानांकडची उधारी थकली. ताकाशिमाच्या कोळसा खाणीत भांडवल अडकलं होतं, ते वेगळंच. ही खाण 1881 मध्ये मित्सुबिशीने विकत घेतली आणि ग्लोव्हर पुढे त्यांचा सल्लागार झाला. म्हणजे संस्थापक नव्हे, पदरी असलेला जाणकार. सगळं गमावूनही तो मायदेशी परतला नाही, 1911 मध्ये तोक्योतच वारला. मला त्याच्या आयुष्यातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते, आणि त्या मजकुरात नेमकी तीच नाही.

'एकहाती' तर मुळीच नाही. 1865 मध्ये शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, सरकारविरुद्ध उभ्या असलेल्या चोशूला शस्त्रखरेदीची बंदी होती. चोशूचे इतो हिरोबुमी आणि इनोउए काओरू नागासाकीत आले, तोसाचा सामुराई साकामोतो र्योमा याच्या माणसांनी मध्यस्थी केली आणि सात्सुमाच्या नावावर हजारो बंदुका घेतल्या. ग्लोव्हरने माल पुरवला. बेत, जोखीम आणि लढाई त्यांची.

किरीनचं अर्धं खरं आहे. 1885 मध्ये योकोहामात निघालेल्या आणि पुढे किरीन बनलेल्या जपान ब्रुअरी कंपनीत ग्लोव्हर पुढाकार घेणाऱ्यांपैकी होता. पण त्याच जागेवर विल्यम कोपलंड हा नॉर्वेत जन्मलेला माणूस आधीच बिअर गाळत होता.

राहिला ऑपेरा. पुच्चिनीच्या या 1904 च्या ऑपेरात अमेरिकन नौदल अधिकारी बायकोला टाकून जातो. ग्लोव्हरच्या नागासाकीतल्या घराला 'बटरफ्लायचं घर' हे नाव दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे आलेल्या अमेरिकनांमुळे चिकटलं. ग्लोव्हरने त्याच्या जपानी पत्नीला, त्सुरूला, टाकलं नव्हतं. 1899 मध्ये ती वारली, तोवर दोघांचा संसार चालूच होता.