दारावर जाताना फोटोग्राफर न्यावा

भाऊ, मागे शंभर माणसं फिरतात, पण त्यांच्या मनात आपण आहोत का, या शंकेनं तुमची झोप उडाली आहे असं कळलं. काळजी सोडा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत हा प्रश्न फ्लेक्सवाल्यांनी केव्हाच सोडवून ठेवला आहे.

आधी नाव. आईबापांनी ठेवलेलं नाव सातबाऱ्यापुरतं. दादा, आप्पा, नाना, आबा, यातलं तालुक्यात जे मोकळं असेल ते उचला. पुढे 'कार्यसम्राट' लावायला कार्य लागतं, हा भोळ्या लोकांचा समज आहे. दहा बाय वीसचा फ्लेक्स लागतो, आणि पैसे बाकी असले तरी बोलणार नाही असा छापखानेवाला. वाढदिवसाला जेसीबीतून फुलं उधळून घ्या. जेसीबी पाहायला गर्दी जमतेच, ती आपली म्हणून मोजायची.

आता खरा अवघड भाग, शेतात जाणं. पावसाळ्याच्या तोंडावर वादळ रावेर-यावलकडच्या केळीबागा झोपवून जातं. पाहणीला जरूर जा, पण बांधावरच थांबा. आत शिरलात की मोडलेल्या खांबांचा चीक कपड्यांना लागतो, आणि केळीच्या चिकाचा काळा डाग कुठल्याही साबणानं निघत नाही. ज्याच्या कपड्यांवर डाग तो शेतकरी, ज्याचे पांढरेशुभ्र तो पुढारी. एवढीही खूण उरली नाही तर लोकांनी हार घालायचा कुणाला? बांधावरून हात लांब करून बोट दाखवायचं. फोटोत बोट फार छान येतं.

रात्रीच्या लाईटवर पाणी भरणाऱ्या माणसासोबत मात्र चुकूनही उभे राहू नका. तिथे चिखल असतो, साप असतात, आणि मुख्य म्हणजे अंधारात फोटो नीट येत नाही.

या बाबतीत आपल्याच मुलखात काही लोकांनी फार घोळ घालून ठेवलाय. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये 1924 साली एक मास्तर रुजू झाले. साने त्यांचं नाव. वसतिगृह ताब्यात आल्यावर शिस्तीत हुकूम सोडायचे, तर हे गृहस्थ स्वतः पोरांच्या खोल्या झाडायचे, त्यांचे कपडे धुवायचे. साहेबानं कपडे धुतल्यावर साहेबपण राहतं का? नाहीच राहिलं. लोक त्यांना आई म्हणायला लागले. पुढे 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलत होते, तर हे खाली बसून उतरवून घेत होते. शेजारी खुर्ची टाकून बसायचं सोडून!

दुसरे फैजपूरचे. 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन तिथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष नेहरू. त्यासाठी राबलेले धनाजी नाना चौधरी सरकारी नोकरी सोडून चळवळीत आलेले. आज फैजपूरच्या कॉलेजला त्यांचं नाव आहे, पण ते त्यांच्या माघारी दिलेलं. नाव हयातीतच लावून घ्यायचं असतं, हे त्यांना सुचलं नाही. तुमच्या नावाची कमान गावात तयार आहे; फक्त तिच्याखालचा रस्ता राहिलाय.

शेवटचा मुद्दा, दारावर जाणं, म्हणजे मयताच्या घरी सांत्वनाला जाणं. आपल्याकडे लग्न चुकलं तर माणूस माफ करतो, दारावर न आलेल्याला नाही. म्हणून रोज चार गावं करा. गाडी सुरूच ठेवा. चप्पल काढून खाली बसा, मान थोडी झुकवा, फोटोग्राफरला डाव्या बाजूनं घ्यायला सांगा. कोण गेलंय ते मात्र आत जाण्याआधी विचारून घ्या. परवा एका गावात एक साहेब दारावर गेले आणि मेलेल्याच्याच तब्येतीची चौकशी करून आले.

एवढं करूनही एखादी म्हातारी आजी डोळ्यांवर हात धरून तुमच्याकडे बघेल आणि भर बैठकीत विचारेल, "तू कोना पोऱ्या शे, बापा?" म्हणजे, तू कुणाचा पोरगा? गडबडून जाऊ नका. व्हिडिओचा आवाज बंद करा, मागे सनईचं करुण संगीत टाका, आणि 'आजींचे आशीर्वाद' असं लिहून स्टेटसला ठेवा.