गरीब जपून वापरा

विश्वस्तहो, आपल्या धर्मसमुदायाकडे काय नाही? सभागृह आहे, मुदत ठेवी आहेत, ध्वनिक्षेपक आहे आणि दारात रांग लावायला गरीब आहेत. पहिल्या तिन्ही गोष्टी पैसे टाकून पुन्हा आणता येतील. चौथी एकदा हातची गेली की गेली. म्हणून हे चार शब्द. फुकट सांगतोय, दान समजून घ्या.

पहिलं पथ्य म्हणजे दान आणि कर्ज यांची गल्लत होऊ देऊ नका. दान घेणाऱ्याची मान आपोआप खाली जाते. कर्ज घेणारा मात्र वही उघडून समोर बसतो, हप्ता मोजून देतो, पावती मागतो, आणि दोन-तीन वर्षांत आपल्याच मंडळाच्या निवडणुकीला उभा राहतो. सांभाळा!

मैमोनिडीज नावाचे ज्यू धर्मपंडित बाराव्या शतकात दानाच्या आठ पायऱ्या सांगून गेले. कुरकुरत दिलेलं दान सगळ्यात खाली. सगळ्यात वर काय, तर माणसाला कर्ज द्या, धंद्यात भागीदार करून घ्या, काम मिळवून द्या, म्हणजे त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही. दुसऱ्या क्रमांकाची पायरी तर आणखी भयंकर: देणाऱ्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला देणारा. मग फलकावर नाव कुणाचं घालायचं? शिडी मजबूत आहे, वाद नाही. आपण आपले गुडघे ओळखून खालच्याच पायरीवर बसावं. फोटोही तिथूनच चांगला येतो.

इस्लाममधली झकातही जरा बेतानेच वाचा. वर्षभर साठून राहिलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग द्यायचा, आणि तो ज्या आठ प्रकारच्या लोकांना द्यायचा त्यांत कर्जात बुडालेला माणूसही येतो. आता कर्जात बुडालेला माणूस फोटोत ओळखू कसा येणार? त्याचे कपडे बरे असतात.

कुणी उत्साही तरुण सभेत उठून म्हणेल, ‘आपल्या ठेवी पडून आहेत, त्यांतून लहान कर्जं देऊ या.’ त्याला इटलीची हकिगत सांगा. 1462 साली पेरुजियात फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंनी गरिबांसाठी तारण घेऊन पैसे देणारी पेढी काढली. व्याज घ्यायचं ते खर्च निघण्यापुरतं. लगेच दुसरे धर्मपंडित तुटून पडले की व्याज म्हणजे पाप. अखेर 1515 साली धर्मपरिषदेने निकाल दिला की यात पाप नाही. म्हणजे 53 वर्षं चर्चा चालली! हा आदर्श सोडू नका. आपण निदान उपसमिती तरी नेमू शकतो. (पेरुजियाच्या पेढीने उपसमितीची वाट पाहिली नाही आणि तशा पेढ्या इटलीभर झाल्या, हे त्या तरुणाला सांगायची गरज नाही.)

खरा धोका ओळखायचा असेल तर स्पेनच्या बास्क प्रांतातल्या मोंद्रागोनकडे बघा. 1941 साली तिथे होसे मारिया अरिस्मेंदियारिएता नावाचा एक तरुण पाद्री आला. यादवी युद्धाने गाव पिचलेलं, कामधंदा नाही. प्रवचनात म्हणे तो फारसा रंगत नसे. खरं तर अशा माणसाची दुसरीकडे बदली करायची असते. तो राहिला, आणि 1943 साली त्याने मुलांसाठी तंत्रशाळा काढली. बघा, नुसती शाळा! कुणाला संशय येणार? त्या शाळेतल्या पाच जणांनी 1956 साली कामगारांच्याच मालकीचा कारखाना उभा केला. पाठोपाठ 1959 साली स्वतःची बँक आली, म्हणजे गावाची बचत गावातल्याच धंद्यांना मिळू लागली. आज त्या सहकारी समूहात सत्तर हजारांच्या आसपास माणसं काम करतात. एवढ्या माणसांना आता ब्लँकेट कोण वाटणार? एका पाद्र्याने धर्मादायाची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय मोडून टाकली.

तेव्हा आपलं सभागृह आठवड्याचे सहा दिवस कुलूपबंद ठेवा. तिथे शिवणकाम, हिशेब, वायरिंग असलं काही शिकवायला दिलं की फरशीला ओरखडे पडतात. झाडलोट करणाऱ्या बाईंना पगार म्हणू नका, ‘सेवा’ म्हणा. सेवेला महिनाअखेर नसते. गरिबी हटवण्याच्या परिषदेचा मंडप शेजारच्या मंडपवाल्याकडून घेऊ नका, दूरच्या मोठ्या कंत्राटदाराकडून मागवा. शेजाऱ्याची उधारी थकवली तर चालते, कंत्राटदाराला मात्र आगाऊ रक्कम द्यावी लागते. शिस्त म्हणून.

आणि पहिल्या रांगेत बसणाऱ्या थोर देणगीदाराला पैसा कुठून येतो, हे चुकूनही विचारू नका. तो हातगाडीवाल्यांना सकाळी पैसे देतो आणि संध्याकाळी व्याजासकट वसूल करतो. त्यातलाच थोडा आपल्या पेटीत टाकतो. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. त्यांच्या अभंगांवर मान डोलवावी, खतांची गोष्ट आली की पाणी प्यायला उठावं.

एवढं करूनही एखादा हातगाडीवाला आत येईल आणि म्हणेल, ‘साहेब, दान नको. गाडी भाड्याची आहे. स्वतःची घ्यायला उसने द्या, वर्षात फेडतो.’ गडबडून जाऊ नका. त्याला प्रेमाने बसवा, पाठीवर हात ठेवा आणि दोन ब्लँकेटं द्या. तो ती घेऊन थेट थोर देणगीदाराकडे जाईल आणि त्या दिवसाच्या व्याजापोटी देऊन टाकेल. पुढच्या वाटपासाठी ब्लँकेटं घाऊक भावात कुणाकडून घ्यायची, तेही मग शोधत बसायला नको.