शॉप अ‍ॅक्टच्या पावतीने वेबकॅम शो कायदेशीर होत नाही

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की शॉप अ‍ॅक्ट (दुकान-धंद्याची नोंदणी) काढा, उद्यम (छोट्या उद्योगांची सरकारी) नोंदणी करा, सोसायटीची एनओसी घ्या, मग घरबसल्या अडल्ट वेबकॅम शो अगदी लीगल. असं नाहीये हो.

एकट्याने धंदा करणाऱ्याला शॉप अ‍ॅक्टमध्ये मिळते ती सूचना दिल्याची पावती, तो परवाना नव्हे. उद्यम तर स्वयंघोषणेवर आणि फुकट होतं, त्यामुळे "लायसन्स काढून देतो" म्हणून कोणी पैसे मागत असेल तर प्लीज देऊ नका. आणि एनओसीने फार तर सोसायटीची हरकत मिटेल, कायदा थोडीच बदलतो.

खरी अडचण आयटी अ‍ॅक्ट २००० च्या कलम ६७अ ची आहे, मी स्वतः वाचलंय. लैंगिक कृत्य दाखवणारं काही इलेक्ट्रॉनिक माध्यमातून पाठवलं तरी गुन्हा, पहिल्यांदा ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड, वर अजामीनपात्र. साइट परदेशातली असली, सगळे सज्ञान आणि राजीखुशीचे असले, तरी कॅमेरा इथल्या खोलीत आहे ना.

गरजेपोटी कुणी मुलगी या मेसेजवर भरवसा ठेवेल याचीच मला काळजी वाटते. तो पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर तिथेच हे टाका.